भेग दगडाला वळसा घालते

खोपोलीत किंवा कर्जतला एखाद्या इमारतीचा स्लॅब भरतात, तेव्हा त्याच मालातून थोडा माल बाजूला काढून १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवतात. साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग दाबयंत्रात घालून फोडायचे. काटा किती टनांवर थांबला ते वहीत लिहिलं की क्यूबचं काम संपलं, तुकडे ढिगाऱ्यावर जातात. पण खरी गोष्ट त्या तुकड्यांत आहे. एक तुकडा उचलून उजेडात धरा. राखाडी पृष्ठभागातून काळ्या खडीचे कोपरे वर आलेले दिसतात. त्यांच्या शेजारी रिकामे खळगे असतात, त्यांतली खडी निघून समोरच्या तुकड्यात गेलेली असते. खळग्यात बोट फिरवलं तर दगडाची कड न कड हाताला लागते. आणि दगड मात्र शाबूत, एखाददुसरा सोडला तर एकही फुटलेला नाही. भेग दगडापाशी आली, तिला आत शिरता आलं नाही, म्हणून ती कडेकडेने वळसा घालून पुढे गेली.

शेजारच्या लोणावळ्याची चिक्की मोडून बघितली तर उलटं दिसतं. गुळाचा पाक कडक आणि शेंगदाणा त्यामानाने मऊ, त्यामुळे भेग दाण्यांच्या आरपार जाते आणि कड बऱ्यापैकी सरळ निघते. काँक्रीटमध्ये दाणा कडक आणि पाक कमकुवत. एवढ्या एका फरकावर आपल्या पुलांचं, रस्त्यांचं आणि छपरांचं बरंच काही उभं आहे.

दोघांतली तफावत किती मोठी आहे ते आकड्यांत पाहू. घरांच्या कामाला सर्रास वापरतात त्या एम-२५ श्रेणीच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसायचा असतो. म्हणजे तो क्यूब साधारण ५७ टनांखाली फुटतो. आता तेवढाच ठोकळा खाणीतल्या घट्ट काळ्या दगडातून कापून काढला तर? चांगला बेसाल्ट दर चौरस मिलिमीटरला दीडशे ते अडीचशे न्यूटन सहज सोसतो. २०० धरले तरी ४५० टनांच्या पुढे गेलो. साइटवरची दाबयंत्रं बहुधा २०० टनांची असतात. त्या ठोकळ्याला ती साधा ओरखडाही काढू शकणार नाहीत. काँक्रीटच्या आकारमानात साठ ते पंचाहत्तर टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो, आणि इतका बलवान दगड इतक्या प्रमाणात असूनही काँक्रीट ५७ टनांवरच हार मानतं. असं का, याचं उत्तर शोधायला लागलं की आपण थेट सह्याद्रीच्या जन्मापर्यंत जाऊन पोहोचतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कुठेही उभं राहून वर पाहिलं, तर माथेरान, प्रबळगड, राजमाची, सगळीकडे डोंगराच्या अंगावर आडवे थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथून वाहून गेलेल्या लाव्हाचा एकेक लोंढा. भूवैज्ञानिकांनी या थरांची मांडणी लावली, तेव्हा खालच्या गटांपैकी दोघांना दिलेली नावं आपल्या रोजच्या ओळखीची निघाली: नेरळ आणि ठाकूरवाडी. एक कर्जत तालुक्यातलं गाव, दुसरं बोरघाटातलं रेल्वेचं ठाणं. दख्खनच्या लाव्हावर जगात कुठेही कोणी लिहायला बसलं की त्याला या दोन नावांवाचून पुढे जाता येत नाही. मला याचा फार आनंद वाटतो.

प्रत्येक थर आतून मात्र एकसारखा नसतो. लाव्हा वाहताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि वरचं कवच थिजलं की तिथेच अडकतात. मधला भाग सावकाश निवतो, त्याचे स्फटिक एकमेकांत नीट गुंततात आणि घट्ट, जड, गर्द काळा दगड तयार होतो. वरच्या भागात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं पाणी मुरत जातं आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी पांढरी-हिरवट खनिजं भरतात. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी तिथे बोगदे आणि खोदाया चालू होत्या, तेव्हा अशा पोकळ्यांतून निघालेले देखणे झिओलाइटचे गुच्छ थेट विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. संग्रहालयाला जे मौल्यवान तेच खडीला नको असतं. झिओलाइट ठिसूळ आणि पाणी पिणारा. ज्या दगडात तो भरपूर, ती खडी वजनाला हलकी, पाण्याला हावरी आणि घावाला कच्ची. नेरळ आणि ठाकूरवाडी गटांत तर पातळ पातळ लोंढे एकावर एक चढलेले आहेत, त्यामुळे पोकळ्यांचा दगड आणि घट्ट दगड काही मीटरांच्या अंतराने आलटून पालटून येतात. एकाच खाणीत, एकाच सुरुंगाने उडालेल्या ढिगात दोन्ही असू शकतात. खाणीवरचा जुना माणूस डबराचा नवा तुटलेला चेहरा बघतो, हातोडीचा आवाज ऐकतो आणि पांढरे ठिपके असलेला माल बाजूला काढायला सांगतो. राजमाचीच्या पायथ्याला दोन हजार वर्षांपूर्वी कोंढाणे लेणी कोरणाऱ्यांनाही कातळाचा कोणता पट्टा छिन्नीला साथ देईल याची पारख असणारच. त्याशिवाय तसा चैत्य निघत नाही.

ही पारख आकड्यात मांडायची एक साधी, जवळजवळ लोहारकामासारखी चाचणी आहे. १० ते साडेबारा मिलिमीटरची खडी एका पोलादी वाटीत भरायची, तिच्यावर १४ किलोचा घण ३८ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि असे १५ घाव घालायचे. मग सगळं २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं. जेवढा चुरा खाली पडला, तेवढे टक्के म्हणजे त्या खडीचा आघातांक. दख्खनच्या घट्ट काळ्या दगडाचा तो दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात येतो. भारतीय मानक रस्त्याच्या पृष्ठभागासारख्या झिजेच्या कामाला तीस टक्क्यांपर्यंत आणि बाकी काँक्रीटला पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत सूट देतं. रेल्वे रुळांखालच्या खडीसाठी वीसच्या वर जाऊ देत नाही, कारण तिथे सिमेंटचा आधारच नाही, दगडाला दगडावर उभं राहायचं असतं. आपला दगड या सगळ्या परीक्षा आरामात पास होतो. मग काँक्रीट कुठे कमी पडतं?

इथे एक प्रयोग सांगायलाच हवा, काँक्रीटच्या पाठ्यपुस्तकांतली मला सगळ्यात सुंदर वाटणारी आकृती त्यातून आली आहे. नुसत्या दगडावर दाब वाढवत नेला आणि तो किती दबतो हे मोजत गेलं तर आलेखावर जवळपास सरळ रेषा येते, आणि शेवटी दगड एकदम फुटतो. नुसत्या सिमेंटच्या घट्ट झालेल्या लगद्याचंही तेच. रेषा कमी चढाची, पण सरळच, आणि शेवट तसाच अचानक. दोघेही ठिसूळ, वाकणं कोणालाच माहीत नाही. पण दोघांना एकत्र केलं की काँक्रीटचा आलेख हळूहळू वाकू लागतो. ते फुटायच्या आधी कुरकुरतं आणि दबत जातं, थोडा वेळ देतं. दोन सरळ रेषांच्या बेरजेतून वक्र रेषा यावी, हे पहिल्यांदा पाहणारा कोणीही थांबून विचार करतो. ही वक्रता दगडातली नाही, सिमेंटमधलीही नाही. ती दोघांच्या मधून येते.

दगड आणि सिमेंट जिथे एकमेकांना चिकटतात तिथे काही मायक्रॉन, फार तर पन्नासेक मायक्रॉन जाडीचा एक पट्टा असतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. अभियंते त्याला आयटीझेड म्हणतात. सिमेंटचे कण दगडाच्या सपाट अंगाला खेटून नीट दाटीवाटीने बसू शकत नाहीत. कडेला जागा उरते आणि तिथे पाणी जास्त साठतं. ते पाणी पुढे उडून जातं किंवा वापरलं जातं, पण मागे छिद्रं राहतात आणि चुन्याचे मोठे, पानासारखे स्फटिक वाढतात. त्यामुळे तो पट्टा बाकी सिमेंटपेक्षा कच्चा राहतो. सिमेंट घट्ट होताना आकसतं, दगड आकसत नाही, त्या ओढाताणीत या पट्ट्यात वजन पडायच्या आधीच बारीक चिरा तयार असतात. दाब वाढला की आधी त्या चिरा हळूच लांबतात, मग एका दगडाच्या कडेची चीर शेजारच्या दगडाच्या कडेच्या चिरेला जाऊन मिळते. आलेख वाकतो तो इथे. ५७ टनांचं गणित या केसभर पट्ट्यात ठरतं. दगडाची ताकद तिथे कामाला येतच नाही.

म्हणून नुसता बलवान दगड पुरत नाही, त्याचं अंग आणि आकार दोन्ही बघावे लागतात. नदीतला गुळगुळीत गोटा आणि क्रशरमधून निघालेली खरखरीत, कोपरेदार खडी यांत पकड कोणाची जास्त, ते सांगायला नको. पण जबडा-क्रशर दगड चेपून फोडतो तेव्हा चपट्या, पात्यासारख्या चिपाही निघतात, आणि त्या भरताना आडव्या झोपतात. ताज्या मालात पाणी वर चढत असतं, ते चिपेच्या पोटाखाली अडकतं. सिमेंट घट्ट झाल्यावर तिथे पोकळी. वरून बघाल तर स्लॅब गुळगुळीत, आत मात्र प्रत्येक चिपेखाली एक बारीक डबकं सुकून गेलेलं. क्रशरवर आता दगडावर दगड आपटून फोडणारी व्हीएसआय यंत्रं बसवतात ती याच कारणासाठी. त्यांतून चौकोनी, भरीव दाणा येतो. खडीला लागलेली धूळसुद्धा इथेच नडते. उन्हाळ्यात क्रशरच्या पट्ट्यात झाडाच्या पानांवर जो पांढुरका थर बसतो, तोच खडीवर बसला तर सिमेंट दगडाला चिकटायच्या ऐवजी धुळीला चिकटतं.

दगडाची ताकद थेट कामाला येत नसली तरी त्याचा ताठपणा पदोपदी येतो, आणि हा भाग फारसा बोलला जात नाही. वजनाखाली काँक्रीट किती दबेल, तुळई मध्ये किती झुकेल, हे बरंचसं दगडावर ठरतं. युरोपच्या काँक्रीट संहितेत हे स्वच्छ लिहून ठेवलंय: खडी बेसाल्टची असेल तर ताठपणा २० टक्के जास्त धरा, चुनखडीची असेल तर १० टक्के कमी, वालुकाश्माची असेल तर ३० टक्के कमी. आपलं आयएस ४५६ दगडाची जात विचारत नाही. ते श्रेणीवरून एक आकडा देतं आणि प्रत्यक्षात २० टक्के इकडेतिकडे होऊ शकेल असं सांगून मोकळं होतं. सह्याद्रीच्या माणसाला ही २० टक्क्यांची देणगी बहुतेक वेळा मिळतच असते.

आकसण्याचंही तसंच. नुसता सिमेंटचा लगदा वाळताना भयंकर आकसतो, तसं छप्पर घातलं तर वर्षभरात चिरांचं जाळं होईल. त्याला धरून ठेवतो तो दगड. १९५६ साली जेराल्ड पिकेट यांनी त्याचं सूत्र मांडलं. त्यात ७० टक्के खडी-वाळू घालून पाहिली की काँक्रीटचं आकसणं लगद्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं. दगड मऊ असेल तर तो लगद्याबरोबर थोडा दबतो आणि ही धरपकड सैल पडते. बेसाल्ट ताठ, म्हणून पकड घट्ट.

या सगळ्याचं सर्वांत मोठं उघड्यावरचं प्रदर्शन खालापूर तालुक्यातून जातं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ९४.५ किलोमीटर, २००२ मध्ये पूर्ण झालेला. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा कापलेला असतो. तो सांधा पूर्ण जाडीतून कापत नाहीत. करवत पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंतच फिरवतात, तीही माल नुकताच घट्ट झालेला असताना, आणि बाकीचं फुटायचं काम काँक्रीटवर सोडून देतात. अभियंता इथे भेगेला जागा नेमून देतो. खालची भेग आपोआप जाते, आणि काँक्रीट कोवळं असल्याने ती प्रत्येक खडीला वळसा घालत जाते. म्हणून तिच्या दोन्ही बाजू खडबडीत, एकमेकांत बसणाऱ्या होतात. ट्रकचं चाक एका पाट्यावरून दुसऱ्या पाट्यावर जातं तेव्हा आतल्या डॉवेल सळ्यांच्या जोडीला हे दगडाचे कोपरे समोरच्या खळग्यांत अडकून वजन पलीकडे पोहोचवतात. फुटल्यानंतरही खडी काम करत राहते! मात्र ती झिजली, तिचे कोपरे मोडले, तर सांधा हलू लागतो. आघात आणि झीज सोसणारा दगड इथे लागतो तो त्यासाठी. उन्हात पाटे किती फुगतात यातही दगडाचा हात असतो. बेसाल्ट उष्णतेने क्वार्ट्झाइटपेक्षा बराच कमी फुगतो. ३० अंशांचा फरक पडला तर साडेचार मीटरचा पाटा सव्वा मिलिमीटरच्या आसपास हलतो. क्वार्ट्झाइटचा असता तर दीडच्या पुढे गेला असता.

तुळईच्या आतसुद्धा हाच वळसा उपयोगी पडतो. आधारापाशी तिरपी चीर पडली की चिरेच्या दोन बाजू एकमेकांवरून घसरू पाहतात, आणि वर आलेली खडी त्यांना अडवते. भेग सरळ गेली असती तर अडवायला काही उरलं नसतं.

हे खरोखर घडतंही, आणि तेही काँक्रीट चांगलं केलं की. उंच मनोरे, मोठ्या गाळ्यांचे पूल, अशांना एम-६० आणि त्याच्या वरचं काँक्रीट लागतं. द्रुतगती मार्गाच्या खोपोली-कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या जोडमार्गावर दरीवरून दोरांवर पेललेला पूल आहे, तो या जातीचा. अशा कामात सिलिका फ्यूम घालतात. त्याचे कण सिमेंटच्या कणापेक्षा शंभर पटीने बारीक, ते त्या केसभर पट्ट्यातल्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात आणि चुन्याचे स्फटिक खाऊन टाकतात. पट्टा घट्ट झाला की भेगेला कडेने जायचा सोपा रस्ता उरत नाही. मग ती दगडातून आरपार जाते. असा क्यूब फोडला की तुटलेल्या चेहऱ्यावर अर्धे कापलेले काळे दगड दिसतात, आणि फुटण्याचा आवाजही मोठा, अचानक होतो. ताकद वाढली, पण कुरकुरण्याचा वेळ कमी झाला आणि चिरेच्या बाजू गुळगुळीत झाल्या. ज्या दगडाच्या ताकदीची आजवर गरजच नव्हती तिची आता खरी परीक्षा होते. म्हणून वरच्या श्रेणीला खडी बारीक घेतात, दहा-बारा मिलिमीटरची. मोठ्या दगडाच्या पोटात जुनी, निवताना किंवा सुरुंगाने पडलेली चीर असण्याची शक्यता जास्त. क्रशरने तो आणखी फोडला की त्या चिरांपाशीच तो तुटतो आणि उरलेला दाणा निरोगी असतो.

मग पावसाळा येतो. कर्जत-खालापूरला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उघड्यावरचा खडी-वाळूचा ढीग त्यात भिजत असतो. एका घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण ३८० किलो सिमेंट, १७५ लिटर पाणी आणि साडेसातशे किलो वाळू धरली, आणि वाळूत हिशेबाबाहेरचं फक्त दोन टक्के पाणी असलं, तर १५ लिटर पाणी फुकटात मालात गेलं. पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.४६ वरून ०.५० वर जातं. डफ अब्राम्स यांनी १९१८ साली दाखवून दिलं की ताकद या गुणोत्तरावर चालते. तेवढ्या पाण्याने क्यूबचे काही टन जातात. मे महिन्यात उलट होतं. तापलेली कोरडी खडी पाणी पिते आणि माल मिक्सरमधून निघून स्लॅबवर पोहोचेपर्यंत आवळून येतो. मग कोणीतरी वरून बादली ओततो. मला सगळ्यात जास्त काळजी या बादलीची वाटते. घट्ट दगडाला पाणी फारसं लागत नाही, एक-दीड टक्का. पोकळ्यांचा, झिओलाइटचा दगड तीन-चार टक्के पितो. खाणीतला थर चुकला की त्याचा हिशेब असा स्लॅबवर निघतो.

बेसाल्टला आणखी एक खोड आहे. लाव्हा भराभर निवला की त्यात काचेचा अंश राहतो, आणि पोकळ्यांत गारगोटीची कॅल्सेडनी नावाची बहीण भरते. दोन्ही सिलिकेच्या अशा रूपात असतात की सिमेंटमधल्या अल्कलीबरोबर त्यांची सावकाश रासायनिक क्रिया होऊ शकते. त्यातून जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीट आतून उकलतं. कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी १९४० साली हे पहिल्यांदा ओळखलं. घट्ट बेसाल्टला बहुधा धोका नसतो, पण धरणासारख्या सदा ओल्या कामाआधी दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काच किती आहे ते बघतात, आणि बारीक फोडलेला दगड सिमेंटमध्ये घालून केलेल्या कांड्या गरम अल्कलीत बुडवून किती लांबतात ते मोजतात.

नदीची आणि खाडीची वाळू आता दुर्मीळ झाली. तिची जागा क्रश सँडने घेतली, म्हणजे काँक्रीटमधला मोठा दाणाही डोंगराचा आणि लहानही डोंगराचाच. २०१६ साली सुधारलेल्या आयएस ३८३ ने या बदलाला अधिकृत जागा दिली, आणि आणखी एक दार उघडलं: पाडलेल्या इमारतीचं काँक्रीट फोडून पुन्हा खडी म्हणून वापरण्याचं. साध्या काँक्रीटमध्ये पाव हिस्सा, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये पाचवा हिस्सा. मर्यादा एवढी कमी का, हे तो तुकडा हातात घेतला की कळतं. आतला काळा दगड आहे तसाच आहे, त्याला काही झालेलं नाही. पण त्याच्या अंगाला जुनं सिमेंट चिकटून आहे, आणि ते नव्या मालात गेलं की एका दगडाभोवती एकाऐवजी दोन पट्टे होतात: जुना, दगड आणि जुन्या सिमेंटच्या मधला, आणि नवा, जुन्या आणि नव्या सिमेंटच्या मधला. भेगेला वळसा घालायला दोन वाटा मिळतात. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत सध्या चाललेलं काम दगडावरचं ते जुनं सिमेंट कसं उतरवायचं यावर आहे, घासून, तापवून किंवा सौम्य आम्लात बुडवून, म्हणजे खाली जो दगड निघेल त्याचा आघातांक पुन्हा पहिल्यासारखा दहा-पंधरावर येईल.